डचमध्ये भेटताना काय म्हणायचं, आणि निघताना तर नक्की काय म्हणायचं

नेदरलँड्सला नवीन आलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला डचची गरजच वाटत नाही, आणि त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही, कारण ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात चालतं, शेजारचे सत्तरीचे आजोबासुद्धा फाडफाड इंग्रजी बोलतात. ॲम्स्टलवेन किंवा आइंडहोवनला राहत असाल तर मराठीवरसुद्धा बरंच भागतं. पण भेटताना आणि निघताना जे चार शब्द लागतात ना, ते मात्र डचमध्येच यायला हवेत असं माझं ठाम मत आहे, कारण इथे ते शब्द फक्त ओळखीच्या लोकांसाठी नसतात.

फॅमिली डॉक्टरकडची वेटिंग रूम घ्या. आपल्याकडे दवाखान्यात शिरलं की पहिला प्रश्न काय असतो, 'कितवा नंबर चालू आहे?' इथे दार उघडून आत येणारा माणूस कोणाकडेही विशेष न बघता सगळ्या खोलीला मिळून 'ख़ुदमॉर्ख़न' म्हणतो, बसलेले चार-पाच अनोळखी लोक मोबाईलमधून मान वर न काढता तेच पुटपुटतात, आणि मग कोणी कोणाशी एक अक्षर बोलत नाही. नंबर लागला की उठताना परत एक 'दाख़', त्यालाही खोलीतून एक पुटपुट. लिफ्टमध्ये हेच. छोट्या बेकरीत हेच. तुम्ही गप्प बसून आत आलात आणि गप्पच बाहेर गेलात तर कोणी काही बोलणार नाही, पण ते जाणवतं लोकांना. आता हे चार शब्द म्हणजे काय ते बघू.

आधी आवाजांचं बघून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. डचमध्ये 'जी' हे अक्षर म्हणजे आपला ग नाही. तो घशातला ख़ आहे, गझल गाणारे 'ख़ुदा', 'ख़बर' म्हणताना काढतात तोच, फक्त अजून खरखरीत, घशात बांगड्याचा काटा अडकल्यावर आपण जो आवाज काढतो तितपत. या लेखात ख च्या खाली टिंब दिसलं की घसा घासायचा. ॲमस्टरडॅमच्या बाजूला हा ख़ फारच रखरखीत, आणि मोठ्या नद्या ओलांडून खाली ब्राबांत, लिम्बुर्ख़, बेल्जियमकडे गेलात की तो एकदम मऊ होतो, तिथले लोक तो घासत नाहीत, नुसता वाऱ्यासारखा सोडतात. तुम्हाला जो जमेल तो काढा, दोन्ही बरोबरच आहेत.

बाकी बाबतीत मराठी माणूस चक्क फायद्यात आहे. इंग्रजीवाल्यांना डचचे त आणि द जमत नाहीत, ते तोंडातून हवा सोडून बोलतात, आपण मात्र इंग्रजी शाळेत शिकवलेले ट-ड विसरून सरळ आपले त-द वापरायचे, जवळपास बरोबर बसतं. डच व पण आपल्या व सारखाच, खालचा ओठ दाताला हलकाच लावून. शब्दाच्या शेवटी द लिहिला असेल तर तो त होतो, आणि शेवटी 'न' लिहिला असेल तर बरेच लोक तो गिळूनच टाकतात, म्हणजे लिहायचं मॉर्ख़न आणि ऐकू येणार 'मॉर्ख़अ'. एक आवाज तेवढा आपल्याकडे नाही, तो डच 'यू' चा: तोंडात 'ई' धरून ठेवा आणि ओठ शिट्टीसारखे गोल करा, जे काही बाहेर पडेल ते. हा पुढे लागणार आहे, आदरार्थी 'तुम्ही' साठी.

आता मुख्य शब्द. 'हालो', जोर 'लो' वर. कुठेही, कोणालाही चालतो. त्याहून घरगुती म्हणजे 'हॉय', हा तर आपला कोल्हापूरकडचा 'होय'च समजा, जरा तोंड उघडून. शेजारी, ऑफिसमधले, मुलांच्या मित्रांचे आईबाबा, कॅशवरची कॉलेजातली मुलगी, सगळे 'हॉय'. तिसरा 'दाख़', आणि हा जरा मजेदार आहे, कारण त्याचा मूळ अर्थ 'दिवस' पण तो येताना पण म्हणतात आणि जाताना पण. फरक सुरात आहे. येताना तोकडा, ठाम, बहुतेक वेळा पुढे नाव किंवा 'मफ्राउ' म्हणजे मॅडम किंवा 'मनेर' म्हणजे सर लावून: 'दाख़ मफ्राउ'. जाताना मात्र तो ताणतात, 'दाऽऽऽख़', वर जाऊन खाली येणारा. लहान बाळांना पहिलं शिकवतात ते हेच, हात हलवून 'दाऽऽख़' करायचं, आपण टाटा करायला शिकवतो तसं.

'ख़ुदनदाख़' असा पण एक पूर्ण शब्द आहे, 'शुभ दिवस' म्हणजे, पण तो आता जरा ताठर वाटतो. त्याची एक गंमत अशी की मध्ययुगात फ्लँडर्समध्ये, म्हणजे आताच्या बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, याच नावाचं एक हत्यार होतं, जाड सोटा आणि टोकाला लोखंडी खिळा. ११ जुलै १३०२ ला कोर्त्रेइकच्या लढाईत फ्लेमिश पायदळाने फ्रेंच सरदारांना याच 'शुभ दिवस' ने झोडपलं, आणि ११ जुलै हा आजही फ्लँडर्सचा अधिकृत दिवस आहे.

वेळेप्रमाणे म्हणायचे शब्द तीन. सकाळी 'ख़ुदमॉर्ख़न', दुपारी 'ख़ुदमिदाख़', संध्याकाळी 'ख़ुदनाफोंत'. बोलताना पहिल्या भागातला द विरघळून य होतो, 'ख़ुयमॉर्ख़न', आणि अजून आळशी लोक नुसतंच 'मॉर्ख़!' करतात. बाराला सकाळ संपते, सहाला दुपार संपते, आणि यात सूर्याला कोणी विचारत नाही. आपल्याकडे संध्याकाळ म्हणजे दिवेलागण, पण इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो तरी सहा वाजले की 'ख़ुदनाफोंत', आणि डिसेंबरात साडेचारलाच अंधार गुडुप होतो तरी पाच वाजता 'ख़ुदमिदाख़'च. सहाला जेवायला बसतात हे लोक, त्यामुळे तो काटा पक्का.

इथे एक जाता जाता. 'मॉर्ख़न' म्हणजे सकाळ आणि 'मॉर्ख़न' म्हणजेच उद्या. त्यामुळे येताना ओरडलेला 'मॉर्ख़न!' हा नमस्कार आणि निघताना म्हटलेला 'तोत मॉर्ख़न' हा 'उद्या भेटू'. गोंधळ होत नाही, कारण त्या 'तोत' ने सगळं कळतं, त्याच्याकडे पुढे येतोच.

रात्रीसाठी 'ख़ुदनाख़्त' आहे, पण झोपायला जाताना घरात 'वेल्तरुस्तन' म्हणतात, किंवा 'स्लाप लेकर', छान झोप. हा 'लेकर' शब्द डच माणसाच्या तोंडी दिवसातून पन्नासदा येतो, जेवण लेकर, हवा लेकर, झोप लेकर. बेल्जियमकडे 'स्लापवेल'. आणि हे लक्षात ठेवा की पार्टीतून रात्री साडेनऊला निघताना इंग्रजीतल्या सवयीने 'ख़ुदनाख़्त' म्हणू नका, तुम्ही काय तिथून थेट अंथरुणात शिरणार आहात का. तिथे 'फेय्न आफोंत' म्हणायचं, म्हणजे उरलेली संध्याकाळ छान जावो.

नमस्कार झाला की 'कसं काय' येतं. पुस्तकात दिलेलं असतं 'हू ख़ात हेत?', ऐकू येतं 'हू ख़ातत?', दोस्तांमध्ये 'आलस ख़ूत?' म्हणजे सगळं ठीक ना. उत्तर, 'ख़ूत, एन मेत याउ?', बरं आहे, आणि तुझं? एवढं पाठ केलं तरी चालतं. पण इथे आणि अमेरिकेत फरक आहे. डच माणूस हा प्रश्न प्रत्येकाला येता-जाता फेकत नाही, कॅशवर तर नाहीच, आणि ज्याला विचारतो त्याचं उत्तर थांबून ऐकतो बऱ्याचदा. 'ख़ात वेल' म्हणालात, म्हणजे चाललंय, तर समोरचा म्हणेल 'ओ? काय झालं?' मग सांगावं लागेल. काही झालेलं नसेल तर सरळ 'ख़ूत' किंवा 'प्रीमा' म्हणा आणि सुटा.

आता तू का तुम्ही. हे मराठी माणसाला समजवायला लागत नाही, इंग्रजीवाल्यांना तास तास लागतो. 'य' किंवा 'याउ' म्हणजे तू-तुला, आणि तो मघाचा गोल ओठांचा 'ऊ' म्हणजे तुम्ही. म्हणून 'दांक य वेल' हे तू-वालं थँक्यू आणि 'दांकू वेल' हे तुम्ही-वालं. पण आपली मोजपट्टी इथे वापरली की पंचाईत, कारण ऑफिसात बॉसला, बॉसच्या बॉसला, सगळ्यांना नावाने हाक आणि 'य'. तुम्ही कितीही मनापासून 'ऊ' केलंत तरी तोच अवघडून म्हणेल, अरे 'य' म्हण की. 'ऊ' कोणाला मग? अनोळखी वयस्कर माणसं, पोलीस, कोर्ट, डॉक्टर जरा वयाचा असेल तर, बॉयफ्रेंडची आजी. माझा साधा नियम, पांढरे केस आणि ओळख नाही तर 'ऊ', बाकी 'य', आणि शंका आली तर 'ऊ' ने सुरू करून समोरचा सोडवेल तेव्हा सुटायचं. प्राथमिक शाळेत शिक्षिकेला मुलं 'युफ' म्हणतात आणि शिक्षकाला 'मेस्तर', पुढे पहिलं नाव, आणि बऱ्याच शाळांत सकाळी वर्गाच्या दारात युफ उभी राहून आत जाणाऱ्या एकेका पोराशी हात मिळवते, डोळ्यात बघून, नाव घेऊन. चार वर्षांची पोरं पण. तुमचं मूल डच शाळेत असेल तर तुमच्यापेक्षा आधी त्याला हे सगळं यायला लागेल, आणि ते तुमचा ख़ सुधारत बसेल.

'सभ्य स्त्री-पुरुषहो' वाली भाषा पण कमी होत चाललीय. रेल्वेत आधी घोषणा व्हायची 'दामस एन हेरन', लेडीज अँड जंटलमन. डिसेंबर २०१७ पासून डच रेल्वेने ते बदलून 'बेस्त रेयझिख़र्स' केलं, प्रिय प्रवासीहो, म्हणजे कोणी सुटायला नको. तेव्हा वादही बराच झाला होता.

शब्दांबरोबर हात येतो. पहिल्यांदा भेटताना उजवा हात पुढे करायचा, घट्ट दाबायचा, आणि आपलं नाव सांगायचं, बास. 'आनख़नाम' म्हणजे भेटून आनंद झाला, ते म्हटलं तर छान, नाही म्हटलं तरी चालतं, पण नाव पाहिजेच. आणि खोलीत दहा माणसं असतील तर दहांना हात, एकाला सोडायचं नाही, कोपऱ्यातल्या पोरालासुद्धा. जवळच्यांमध्ये गालाला गाल लावून तीन मुके, हवेतच, बायका-बायका किंवा बाई-पुरुष, बेल्जियममध्ये बहुधा एकच. कोविडनंतर हे तीन मुके खूप कमी झाले, आणि मनातल्या मनात बऱ्याच जणांना बरंच वाटलं असावं. हात मिळवायची सवय किती खोल आहे बघा, ९ मार्च २०२० ला तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुत्ते यांनी पत्रकार परिषदेत देशाला सांगितलं की आजपासून हात मिळवणं बंद, आणि ते सांगून झाल्या झाल्या शेजारी उभ्या असलेल्या साथरोग तज्ज्ञाशी, याप फान दिसल यांच्याशी, हात मिळवला. मग हसले, सॉरी सॉरी. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर.

वाढदिवसाला तर वेगळाच सोहळा. खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये टेबल, कॉफी, केकचा एक तुकडा, एकच. तुम्ही आत शिरलात की त्या गोलात फिरून प्रत्येकाला हात मिळवत 'ख़फेलिसितेर्त' म्हणायचं, म्हणजे अभिनंदन. नुसतं ज्याचा वाढदिवस त्यालाच नाही हं, त्याच्या आईला 'मुलाबद्दल अभिनंदन', बायकोला 'नवऱ्याबद्दल अभिनंदन', शेजाऱ्याला पण अभिनंदन, त्याचं काय कर्तृत्व कोण जाणे. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण आपल्या बारशाला आजी-आजोबांचं अभिनंदन करतातच की. एकच खबरदारी, 'ख़कोंदोलेर्त' हा शब्द वेगळा ठेवा, तो सांत्वनाचा, कोणी गेल्यावर म्हणायचा. दोन्ही शब्द लांबलचक, दोन्ही ख़ ने सुरू, दोन्ही एर्त ने संपतात, आणि नवशिके नेमके हेच दोन उलटे करतात. शब्द आठवत नसेल तर नुसता हात मिळवून हसा, वाढदिवसाला. दुसऱ्या प्रसंगाला हसू नका.

आता निरोपाकडे येऊ, खरा माल इथे आहे. डचमध्ये भेटण्याचे शब्द थोडे आणि निघण्याचे शब्द ढीगभर, आणि माझ्या मते डच येतंय का नाही हे हॉय वरून कळतच नाही, निघताना कळतं.

सर्वात जास्त ऐकू येणारा शब्द 'दुय'. उ ताणायचा, 'दूऽऽय', बायका तो जास्त गाऊन म्हणतात, पुरुष तोडून. जोडीनेही येतो, 'दुयदुय'. त्याचाच भाऊ 'दुख़', आणि हो, फोन ठेवताना समोरची काकू आनंदाने 'दुख़!' म्हणाली तर दचकू नका, तिला काही झालेलं नाही. तसंच शुक्रवारी कोणी 'प्रेत्तख़ वीकेंड' म्हणालं तर त्यात प्रेत वगैरे काही नाही, वीकेंड मजेत जावो एवढंच. जुन्या वळणाच्या काही लोकांना 'दुय' जरा थिल्लर वाटतो, म्हणून डॉक्टर, बँक, नगरपालिकेची खिडकी, अशा ठिकाणी 'दाख़' किंवा 'तोत सीन्स' बरा. तोत सीन्स म्हणजे परत भेटेपर्यंत, आणि तो परत भेट होणार नसेल तरी म्हणतात.

पण 'तोत' ची खरी ताकद पुढे आहे. 'तोत' म्हणजे 'पर्यंत', आणि त्याच्यापुढे जे लावाल त्यावरून परत कधी भेटणार ते ठरतं, आणि डच माणूस ते शब्दशः घेतो. 'तोत सो', पाच-दहा मिनिटांत आलोच, कॉफी आणायला निघालेला माणूस म्हणतो. 'तोत स्त्राक्स', थोड्या वेळाने, पण आजच. 'तोत मॉर्ख़न', उद्या. 'तोत मांदाख़', सोमवारी. 'तोत फोल्ख़न्द वेक', पुढच्या आठवड्यात. 'तोत दान', हे तारीख आधीच ठरली असेल तेव्हा, म्हणजे 'ठरलं मग, तेव्हा भेटू'. 'तोत स्नेल', लवकरच, यात तारीख नाही, नुसती भावना. आता तुम्ही घरी जाताना ऑफिसातल्या माणसाला 'तोत सो' म्हणून गेलात तर तो खरंच वाट बघेल, निदान विचारात तरी पडेल की हा परत का येतोय. आपण 'येतो हं' म्हणून निघतो आणि सहा महिने उगवत नाही तरी कोणाला काही वाटत नाही, तो हिशोब इथे लागू नाही. कॅलेंडर बघून निरोप घेणारे लोक आहेत हे.

दुसरी जात 'फेय्न' वाली. 'फेय्न दाख़' दिवस छान जावो, 'फेय्न मिदाख़', 'फेय्न आफोंत', 'फेय्न वीकेंड', सुट्टीवर निघालेल्याला 'फेय्न फाकान्सी'. 'फेय्न दाख़ नॉख़' असा शेपटीला नॉख़ लावला तर 'उरलेला दिवस' असा अर्थ होतो, दुकानांत हाच जास्त. लिफ्टमधून उतरणारा पण हे म्हणतो, आत उरलेल्या दोन अनोळखी लोकांना. मग यावर उत्तर काय? परत तेच वाक्य म्हणायची गरज नाही, 'हेतसेल्फ्द' म्हणायचं, म्हणजे 'तुम्हालाही तेच'. हा एक शब्द सोन्याचा आहे. वीकेंड, सण, जेवण, कशालाही चालतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये तुम्ही डबा उघडलात की बाजूने जाणारा, ज्याला तुम्ही जन्मात पाहिलं नाही, तो 'एत स्माकलक' म्हणून जाईल, चवीने जेवा, तिथे पण त्याच्या हातात ट्रे असेल तर 'हेतसेल्फ्द', नसेल तर 'दांक य वेल'.

आजारी माणसाचा निरोप घेताना 'बेतरस्ख़ाप', बरे व्हा. कठीण काळातून जाणाऱ्याला 'स्तेर्क्त', बळ मिळो, हा शब्द फार नेमका आहे आणि तो जपून वापरतात. परीक्षा, इंटरव्ह्यू असेल तर 'सक्सेस'. कामावर निघालेल्याला 'वेर्क स', आणि पाहुणा घरी निघाला की 'वेल तौस', नीट पोचा.

कोणाच्या घरून निघायचं असेल तर आधी दोन्ही हात मांड्यांवर आपटायचे आणि म्हणायचं 'झो!' बस. या एका अक्षराने सगळ्या खोलीला कळतं की हे निघाले. मग 'नाउ, व ख़ान मार एन्स', चला आम्ही निघतो आता, मग यजमान म्हणणार 'आत्ताच?', मग अजून दहा मिनिटं, मग कोट घालताना दहा मिनिटं, मग दारात 'ख़झेलख़ होतं', म्हणजे मस्त गप्पा झाल्या, घरच्यांना नमस्कार सांगा, वेल तौस, दुय, दुयदुय, आणि गाडी वळेपर्यंत घरातले बाहेर उभे राहून हात हलवणार. आपल्याकडे उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास होतो त्यातलाच प्रकार, त्यामुळे इथे मराठी माणसाला अजिबात परकं वाटत नाही. फरक एवढाच की तुम्हाला 'जेवूनच जा' असं कोणी म्हणणार नाही, उलट साडेपाचला अजून बसलेले असाल तर स्वतःहून मांड्या आपटा.

प्रदेशाप्रमाणे निरोप बदलतात. आइंडहोवनला असाल, आणि आपले बरेच जण तिकडच्या चिप-मशीनच्या कंपन्यांमुळे तिकडेच असतात, तर 'हाउदू' शिकाच, तो ब्राबांतचा निरोप, 'हाउदू एन बदांक्त' असा पूर्ण म्हणालात तर दुकानदार खूश होऊन दोन वाक्यं जास्त बोलेल. वर ख़्रोनिंगन, द्रेंतकडे 'मॉय', येताना पण मॉय, आणि सायकलवरून समोर येणारा अनोळखी शेतकरी पण मॉय. फ्रीसलांतची तर भाषाच वेगळी, फ्रिशियन, आणि त्यातला 'ओअंत मोअर्न', म्हणजे उद्यापर्यंत, अख्ख्या देशाला माहीत आहे, कारण पीत पाउलुस्मा नावाचे हवामानवाले टीव्हीवर वर्षानुवर्षं उद्याचा पाऊस सांगून झाला की हेच म्हणून निरोप घ्यायचे. ते २०२२ मध्ये गेले. ॲमस्टरडॅमच्या बाजारात 'द माझल' ऐकू येईल, नशीब साथ देवो, तो तिथल्या ज्यू लोकांच्या यिडिशमधून आलेला. कॉलेजची पोरं 'फावाका' म्हणतात, काय चाललंय, तो सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीच्या, स्रानान भाषेतला. आणि सुरिनामवरून आठवलं, १८७३ पासून तिकडे मजूर म्हणून नेलेल्या बिहार-यूपीच्या लोकांचे वंशज आज मोठ्या संख्येने हेगमध्ये आहेत, घरी सरनामी बोलतात, तुमचा चेहरा बघून एखादी आजी सरळ 'राम राम' म्हणेल. तिला राम रामच म्हणा, तिथे ख़ काढायची काही गरज नाही.

फोनवर हॅलो म्हणून गप्प राहायची पद्धत नाही. उचलला की नाव, 'मेत स्नेहा', म्हणजे स्नेहा बोलतेय. नुसतं हालो केलं तर पलीकडचा गोंधळतो. ईमेल दोन ओळींत संपवतो: सुरुवात 'बेस्त' आणि नाव, फारच सरकारी असेल तर 'ख़आख़्त', शेवटी 'मेत फ्रींदलक ख़्रूत', ओळखीच्यांना 'ख़्रूच्यस'. एवढं पुरतं.

जानेवारीत एक जादा शब्द, 'द बेस्त वेन्सन'. नवीन वर्षात प्रत्येकाला पहिल्या भेटीत हे, हात मिळवून, ऑफिसात पहिला दिवस यातच जातो. साधारण ६ जानेवारीनंतर हळूहळू बंद करतात.

आता शेवटची अडचण, जी सगळ्यांना येते. तुम्ही छान घोकून 'ख़ुदमिदाख़' म्हणता आणि समोरचा तुमचा ख़ ऐकून क्षणात इंग्रजीत घुसतो. तो अपमान करत नसतो, त्याला वाटतं तो मदत करतोय, आणि घाईत पण असतो. यावर दोन उपाय. एक, सरळ सांगा 'इक लेर नेदरलांत्स', मी डच शिकतोय, बरेच जण लगेच परत डचवर येतात आणि हळू बोलायला लागतात. दुसरा, जिथे रांगेला घाई नाही तिथे सराव करा. यूम्बो नावाच्या सुपरमार्केटने २०१९ मध्ये फ्लेयमन गावात 'क्लेत्सकासा' सुरू केला, म्हणजे गप्पांचा कॅश काउंटर, एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांना दोन शब्द बोलता यावेत म्हणून, मग तसे बऱ्याच दुकानांत झाले. तुमच्या जवळ असेल तर त्याच रांगेत उभे राहा, तिथे कोणी मागून खाकरत नाही. नेहमीच्या काउंटरवर मात्र 'हॉय' नंतर लगेच 'बॉनच्य?' असा प्रश्न आदळतो, बिल हवंय का, आणि नवीन माणूस तिथेच अडकतो, कारण पुस्तकात तो नसतो. उत्तर आधीच तयार ठेवा: 'ने हॉर, दांक य. फेय्न दाख़!' आणि पिशवी उचलून चालू पडा, कॅशवरच्या मुलीचं 'हेतसेल्फ्द, दुय!' मागून येईलच.